गरुड प्रशियाचा, चामडं बाडेनचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कार्ल्सरूहजवळच्या जुन्या बाजारात तुम्ही सुळकेवालं जर्मन हेल्मेट घेतलंत. समोर पितळी गरुड, त्याच्या छातीवर 'एफ आर' ही अक्षरं. उजव्या कानावर काळी-पांढरी-लाल चकती, डाव्या कानावर पिवळी-लाल-पिवळी. हनुवटीला चामड्याचा पट्टा आणि आत मागच्या झापेवर अर्धवट पुसलेला शिक्का. विक्रेत्याने सांगितलं, "१८७० च्या फ्रान्सच्या लढाईतलं, प्रशियन गार्डच्या ऑफिसरचं." (गार्ड म्हणजे राजाच्या खास पलटणी.) गरुडावरून हे खरं की खोटं कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंत. शिवाय कोल्हापूरच्या मामांकडे आजोबांनी इटलीतून आणलेलं एक लोखंडी हेल्मेट आहे, त्यावर एकही चिन्ह नाही, ते बनावट का, हा दुसरा प्रश्न.

आधी पहिलं. गरुडावरून काहीच ठरवू नका. मला हे कळायला बरीच वर्षं आणि बरेच पैसे लागले. माझी पहिली मोठी खरेदी अशाच 'गार्ड ऑफिसर'ची होती. छातीवर तारा बसवलेला सुंदर गरुड होता. घरी आणून भिंगाखाली पाहिलं तर ताऱ्याच्या कडेने कानशीचे ओरखडे दिसले. साध्या पलटणीच्या गरुडाची अक्षरं घासून टाकून वर तारा झाळलेला होता.

तेव्हापासून मी एकच हिशेब धरतो: जी वस्तू बदलायला सोपी, तिची साक्ष कच्ची. कानावरची चकती पट्ट्याच्या खुंटीत नुसती अडकवलेली असते, एका मिनिटात बदलते. सुळकाही बदलता येतो. समोरचा फलक (तुमच्याकडे तो गरुड) बदलायला पाच मिनिटं पुरतात, पण त्याची भोकं मागे राहतात. चामड्यावर पडलेला शिक्का आणि चामड्याला पाडलेली भोकं मात्र कुणाला परत घेता येत नाहीत. म्हणून मी आतून बाहेर वाचत येतो. नवा माणूस नेमका उलट वाचतो, कारण गरुड चमकतो आणि शिक्का दिसतही नाही.

तुमच्या फोटोत झापेवर 'बी. ए.', पुढे रोमन आकड्यात चौदा आणि खाली १९०९ असं दिसतं. बी. ए. म्हणजे बेक्लाइडुंग्सआम्ट, म्हणजे सैन्याच्या कोअरचं (अनेक पलटणींच्या मोठ्या गटाचं) कपडे-कोठार. चौदावी कोअर कार्ल्सरूहची, म्हणजे मुख्यतः बाडेनची. (तेव्हाचं जर्मन साम्राज्य प्रशिया, बाडेन, हेसन, वुर्टेम्बर्ग अशा राज्यांचं मिळून होतं, आणि प्रत्येकाचं हेल्मेटवरचं चिन्ह वेगळं.) पण इथेच घाई करून 'बाडेनचं' असा निकाल देऊ नये. चौदाव्या कोअरमध्ये रास्टाटला राहणारी चाळीस क्रमांकाची फ्युझिलिअर (पायदळाची) पलटण होती आणि ती प्रशियाची, होहेनत्सोलर्न प्रांताची. तिच्या माणसाच्या डोक्यावर चौदाचा शिक्का आणि प्रशियाचा गरुड एकत्र असणं अगदी रास्त आहे.

पण शेजारी दुसरा शिक्का आहे: 'जे. आर. ११' आणि तिसरा आकडा झिजलेला. (जे. आर. म्हणजे इन्फन्ट्री रेजिमेंटच. जर्मन लोक जुन्या लिखाणात मोठा आय बऱ्याचदा जे सारखा काढत, त्यावर अडखळू नका.) आता गंमत बघा. एकशेदहा ते एकशेचौदा या पाचही पलटणी बाडेनच्या. एकशेपंधरा ते अठरा हेसनच्या, त्या अठराव्या कोअरमध्ये. एकशेएकोणीस वुर्टेम्बर्गची, तेराव्या कोअरमध्ये. म्हणजे '११' आणि 'चौदावी कोअर' एकत्र आले की झिजलेला आकडा शून्य ते चारपैकीच असणार. मानहाइम, रास्टाट, म्युलहाउझन, फ्रायबुर्ग किंवा कॉन्स्टान्स, यांपैकी कुठल्या तरी छावणीतलं हे डोकं. आकडा पुसला तरी प्रांत ठरला, आणि चाळिसाव्या पलटणीची पळवाट बंद झाली.

बाडेनच्या शिपायाच्या कपाळावर गरुड नसतो, ग्रायफन असतो: सिंहाचं धड, गरुडाचं डोकं आणि पंख असलेला प्राणी, पंजात बाडेनच्या तिरक्या पट्ट्याची ढाल. त्याखालच्या पट्टीवर 'देवासह, राजपुत्रासाठी आणि पितृभूमीसाठी' अशा अर्थाचे जर्मन शब्द. प्रशियाच्या गरुडाखाली तेच वाक्य, फक्त 'राजपुत्र'च्या जागी 'राजा', कारण बाडेनला ग्रँड ड्यूक होता, राजा नव्हता. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही ओळी सारख्याच वाटतात. एका शब्दाचा फरक, पण तोच शब्द राज्य सांगतो.

आता भोकं. तुम्ही आतलं चामडी अस्तर उचलून काढलेला चौथा फोटो सगळ्यात मोलाचा. गरुडाच्या दोन कड्या आत आल्यात आणि त्यांत चामड्याच्या पाचरी ठोकल्यात. शिपायाच्या हेल्मेटला फलक असाच बसवत. ऑफिसरच्या फलकाला मागे पेचाचे खिळे आणि आत नट असतात. म्हणजे 'ऑफिसर' इथेच गळाला. पण त्या दोन भोकांच्या जरा आत आणखी दोन भोकं आहेत, काळ्या मेणासारख्या कशाने तरी बुजवलेली. वेगवेगळ्या राज्यांच्या फलकांच्या कड्या एकाच अंतरावर नसतात, त्यामुळे फलक बदलला की नवीन भोकं पाडावी लागतात.

इथेही एक बाजू मांडायला हवी. जादा भोकं दिसली म्हणजे लबाडी, असं नेहमीच नसतं. कोठारंही जुनी हेल्मेट दुरुस्त करून, फलक बदलून दुसऱ्या पलटणीला देत, विशेषतः १९१४ नंतर, पहिल्या महायुद्धात माणसं भरमसाट वाढली तेव्हा. मग सैन्याने बदललं की दुकानदाराने, हे ओळखायचं कसं? भोकाच्या कडा बघा. शंभर वर्षं कडी घासलेल्या भोकाची कड गुळगुळीत आणि काळी असते, आत चामड्याचा ताजा तपकिरी रंग दिसत नाही. तुमच्या बाहेरच्या दोन भोकांत, म्हणजे आज ज्यांत गरुड बसलाय त्यांत, कडेला फिकट चामडं दिसतंय. बुजवलेल्या दोन भोकांची कड काळी आहे. माझ्या मते ही बाहेरची, गरुडाची भोकं पाडून फार वर्षं झालेली नाहीत.

पक्कं करायचं तर गरुड उतरवा. पाचरी बोटाने किंवा लाकडी काडीने सावकाश बाहेर ढकला, स्क्रूड्रायव्हर लावू नका. फलकाखाली चामड्याच्या काळ्या लाखेवर बहुतेक वेळा आधीच्या फलकाची सावली राहते. जिथे पत्रा टेकलेला असतो तिथे लाख जास्त काळी आणि चकचकीत, आजूबाजूला मळकट. कड्यांभोवती पितळेचा हिरवा कळंकही चामड्यात उतरलेला असतो. सावलीला ग्रायफनच्या शेपटीचा वळसा असेल तर प्रश्न मिटला.

राहिला गरुड. तो स्वतः खोटा आहे असं मात्र मला वाटत नाही. अस्सल फलक पातळ पितळी पत्र्यावर ठशाने दाबलेले असतात, त्यामुळे मागून पाहिलं तर पुढचं सगळं चित्र खोलगट उलटं दिसतं. पिसांच्या रेषा मागेही वाचता येतात. ओतीव नक्कल जाड आणि जड असते, मागची बाजू सपाट किंवा बारीक खडबडीत, आणि पिसांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या झिजल्यागत मऊ. आजकाल ठशातल्या नकलाही येतात. त्यांना पकडायला कड्यांची झाळ बघायची. नवी झाळ पांढरी चमकते, आणि ती काळी करायला रंग फासलेला असेल तर थिनरचा बोळा लावताच रंग निघतो. तुमच्या गरुडाची झाळ राखाडी आणि कड्यांचं पितळ तितकंच जुनवट दिसतं. खरा प्रशियन गरुड, खऱ्या बाडेनी हेल्मेटवर.

विक्रेत्याचे तिन्ही शब्द आता एकेक घेऊ. '१८७०': तुमच्या उजव्या कानावरची काळी-पांढरी-लाल चकती साम्राज्याची. हे रंग उत्तर जर्मन संघाचे म्हणून १८६७ पासून होते, पण सैन्याच्या हेल्मेटवर ही चकती २२ मार्च १८९७ ला आली, सम्राट पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीला. त्याआधी एकच चकती असे, आपापल्या राज्याची, उजव्या बाजूला. १८९७ नंतर साम्राज्याची उजवीकडे आणि राज्याची डावीकडे. (उजवं-डावं घालणाऱ्याचं, समोरून बघणाऱ्याचं नव्हे, निम्म्या जाहिराती इथेच चुकतात.) चकती बदलता येते हे मी वर म्हटलंच, पण पट्टाही तेच सांगतो. १८७० च्या शिपायाच्या हनुवटीला पितळी खवल्यांची साखळी असे, पायदळाला चामड्याचा पट्टा १८८७ च्या नमुन्यात आला आणि त्याला अडकवायची बाजूची खुंटी १८९१ च्या. वर शिक्का १९०९ चा. आजोबांच्या पंचाहत्तरीचा फोटो दाखवून 'हे त्यांच्या मुंजीतले' म्हणण्यासारखं आहे.

'गार्ड': गार्डच्या पायदळी गरुडाच्या छातीवर अक्षरं नसतात, ब्लॅक ईगल या प्रशियन सन्मानाचा तारा असतो. त्यावर लॅटिन शब्द 'सुउम कुइक्वे', म्हणजे 'ज्याचे त्याला'. ऑफिसरच्या ताऱ्यात मधोमध मीनाकाम असतं. 'एफ आर' म्हणजे फ्रिडेरिकुस रेक्स, राजा फ्रेडरिक, ही साध्या पलटणींची खूण. तिने कुणाची पायरी उतरत नाही, पण किंमत उतरते, म्हणून तर कानशी चालवतात.

'ऑफिसर': पेच आणि नट नाहीत हे पाहिलं. सुळक्याच्या बुडाशी पाहा, चार गोल घुमटीचे खिळे आहेत. ऑफिसरच्या हेल्मेटला तिथे चांदणीच्या आकाराचे खिळे असतात. ऑफिसरच्या गरुडाचा मुकुट कोरून आरपार केलेला असतो, तुमचा भरीव आहे. मात्र एक फसवा प्रकार लक्षात ठेवा: ऐपत असलेले शिपाई, त्यातही वर्षभरासाठी स्वखर्चाने भरती होणारे सुशिक्षित तरुण, स्वतःचं हेल्मेट शिवून घेत. चामडं ऑफिसरच्या तोडीचं, पितळ उत्तम, आत रेशमी अस्तरसुद्धा, पण खिळे गोल आणि पट्टा शिपायाचा. बाजारात असली हेल्मेट सर्रास 'ऑफिसर' म्हणून विकली जातात, आणि विकणाऱ्याला बऱ्याचदा खरंच माहीत नसतं. तुमचं मात्र सरळ कोठाराचं आहे.

बाकी राज्यांची चिन्हं एकदा डोळ्यांखालून घाला, म्हणजे पुढच्या बाजारात हात थांबेल. बव्हेरियाच्या फलकावर दोन सिंहांनी धरलेली ढाल आणि 'निष्ठेत अढळ' हे शब्द, चकती पांढरी-निळी-पांढरी. सॅक्सनीचा आठ टोकांचा तारा, चकती पांढरी-हिरवी-पांढरी. वुर्टेम्बर्गला एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला हरीण; चकती काळी-लाल-काळी. हेसनला तलवारधारी सिंह, चकती पांढरी-लाल-पांढरी. प्रशियाची काळी-पांढरी-काळी. तोफखान्याला सुळक्याऐवजी गोळा, पण बव्हेरियन तोफखान्याने सुळकाच ठेवला होता, त्यामुळे 'सुळका आहे म्हणजे पायदळ' हे बव्हेरियाला लागू नाही.

आणि ज्या खुणांचा मला स्वतःला नाद आहे त्या म्हणजे लढायांच्या पट्ट्या. एखाद्या प्रशियन गरुडावर 'पेनिन्सुला' किंवा 'वॉटर्लू' लिहिलेलं दिसलं तर दचकू नका. हॅनोवरचं सैन्य नेपोलियनविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने स्पेन-पोर्तुगालमध्ये लढलं होतं. प्रशियाने १८६६ मध्ये हॅनोवर गिळलं, आणि १८९९ मध्ये सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने ती जुनी नावं हॅनोवरी पलटणींना परत दिली. म्हणजे प्रशियाच्या गरुडावर इंग्रजी पगाराने मिळवलेली कीर्ती. नवव्या ग्रेनेडिअर पलटणीच्या गरुडावर 'कोलबेर्ग १८०७' असतं. ब्राउनश्वाइगच्या ब्याण्णवाव्या पलटणीच्या गरुडावर कवटी. या पट्ट्या आणि कवट्या स्वतंत्र जोडलेल्या असतात, म्हणून त्याच सगळ्यात जास्त बनतात. साध्या गरुडावर नवी कवटी झाळली की किंमत कितीतरी पट होते. कवटी दिसली की मी आधी शिक्का बघतो, मग कवटी.

१९१५ नंतरच्या हेल्मेटांना वेगळी फूटपट्टी लागते. नाकेबंदीने कातडी आणि पितळ दोन्ही महाग झाल्यावर १९१५ च्या नमुन्यात फलक आणि सुळका राखाडी लोखंडाचे आले, सुळका काढता येईल असा. चामड्याऐवजी नमदा, पत्रा, बूच असलं काहीबाही वापरलं. त्या काळच्या चामड्यावर चकचकीत पितळी फलक दिसला की थांबून बघा.

आता तुमच्या मामांचं लोखंडी हेल्मेट. ते कोरं आहे म्हणून खोटं नाही, उलट कोरं आहे म्हणून पटतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लष्करी हेल्मेटवर चिन्हं पत्र्याची नसून चिकटवलेली असत: डावीकडे गरुड, उजवीकडे तिरंगी ढाल. तिरंगी ढाल मार्च १९४० मध्ये बंद झाली आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गरुडही लावणं थांबलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या त्या याच काळात. यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये वरच्या टायबर खोऱ्यात पडले, नामदेव जाधवांचा पराक्रम एप्रिल १९४५ मधला, सेनियो नदीवरचा. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या वेळी कारखान्यातून येणाऱ्या हेल्मेटांवर चिन्हं येत नव्हती. जुनी, चिन्हवाली हेल्मेटही मैदानात होतीच, पण अनेकांनी ती रंगाने झाकली होती.

मामांना सांगा, आतल्या काठाजवळ ठसा बघा. 'ई टी' म्हणजे थाले गावचा कारखाना, 'क्यू' म्हणजे एस्लिंगनचा क्विस्ट, 'सी के एल' असेल तर पुन्हा थालेच, पण नंतरच्या सांकेतिक अक्षरांत. सोबत ६४, ६६ असा आकार. काठ आत वळवून गोल केलेला असेल तर १९३५ किंवा १९४० चा नमुना, कच्चा सोडलेला असेल तर १९४२ चा. हे जुळलं की आजोबांची गोष्ट आणि लोखंड एकमेकांना धरून आहेत असं समजा. कुणी 'यावर चिन्ह लावून देतो, किंमत वाढेल' म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. एस.एस.च्या खुणांच्या वाटेला तर जाऊच नका. त्या सगळ्यात जास्त नकली बनतात, आणि तुम्ही राहता त्या देशात नाझी चिन्हं उघडपणे मिरवणं गुन्हा आहे.

तुम्ही पितळ साफ करायचंही विचारलंत. आपल्याकडे देव घासायची सवय असल्याने हात शिवशिवतात, पण पितांबरी, चिंच, लिंबू यांतलं काहीही लावू नका. गरुडावरचा काळपट थर हाच त्याच्या वयाचा दाखला. तो गेला की परत येत नाही, आणि पावडर पिसांच्या खाचांत पांढरी होऊन बसते. कोरडा मऊ ब्रश पुरे. चामड्याला खोबरेल, मोहरीचं तेल, बूट पॉलिश काहीही नको. लाखेखाली तेल शिरलं की लाख पापुद्र्यांनी उठते.

पुण्याला न्यायचा विचार आहे म्हणता, तर दोन गोष्टी. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलंत तर दसऱ्याला बुरशी काढत बसाल. सिलिका जेलच्या पुड्या आणि हवा दोन्ही लागतात. दुसरं म्हणजे १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा हक्क खासगी माणसाला नाही. १९०९ ची वस्तू भारतात आणली की परत जर्मनीत नेणं सोपं राहत नाही. आणायचीच असेल तर खरेदीची पावती आणि आयातीचे कागद जिवापाड जपा.

ग्रायफन विकत घेऊन लावावा का, यावर माझं मत नको असं आहे. जुनी भोकं बुजवलेली आहेत, ग्रायफन लावलात तरी बाहेरची ताजी भोकं उघडी पडतील, आणि आज जी चूक दुसऱ्याने केली ती उद्या तुमच्या नावावर जाईल. आहे तसं ठेवा, आत एक चिठ्ठी टाका: 'हेल्मेट बाडेन, चौदावी कोअर, १९०९, गरुड नंतर लावलेला.' पुढच्या माणसाला तेवढं पुरे.

तुम्ही कार्ल्सरूहला आहात तर रास्टाट हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या राजवाड्यात लष्करी इतिहासाचं संग्रहालय आहे, बाडेन आणि वुर्टेम्बर्गच्या सैन्यावर भर असलेलं. खराखुरा ग्रायफन जवळून बघून या. आणि गरुड उतरवलात की बुजवलेल्या दोन भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून, सावलीचा तिरप्या उजेडातला फोटो पाठवा. सरळ फ्लॅश मारलात तर काहीच दिसणार नाही.